चित्रपट चांगला की नुसता आवडला?

प्रश्न: चित्रपट आवडला, एवढंच सांगता येतं. तो चांगला आहे हे कशावरून ठरवावं?

उत्तर: आधी पटकथा तपासा. मुख्य पात्राला काय हवंय आणि आड काय येतंय, हे दोन तासांच्या चित्रपटात साधारण पहिल्या 25-30 मिनिटांत कळायला हवं. मग एकेक प्रसंग मनातल्या मनात वगळून बघा. कथेला फरक पडला नाही, तर तो भरतीचा. गुंता केवळ योगायोगाने सुटत असेल, तर गुण कापाच.

एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा. कोण कुठे उभं आहे, कुणाकडे बघतंय हे समजत नसेल, तर चित्रीकरण किंवा संकलन फसलंय. अभिनय मात्र बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जोखा. कच्चा नट तिथे फक्त आपल्या वाक्याची वाट पाहत असतो.