शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करते आहे. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं हवीत. गणितात ती वर्गात पहिली, पण सर तिला नावापुरतं ओळखतात. इतिहासाच्या बाईंचा तिच्यावर जीव आहे, गुण मात्र बेताचे. शिवाय ह्यांच्या ओळखीचे एका मोठ्या कंपनीचे संचालक पत्र द्यायला तयार आहेत. कोणाला विचारावं?
– एक आई

उत्तर : संचालकांचे आभार माना आणि तो विषय तिथेच सोडा. तुमच्या मुलीला काम करताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. ‘हुशार, होतकरू, सुसंस्कृत’ यापलीकडे ते लिहिणार तरी काय?

इतिहासाच्या बाई नक्की घ्या. मी स्वतः शिकवते आणि अशी पत्रं लिहिते, म्हणून सांगते. गुण कॉलेजला गुणपत्रिकेत दिसतातच. तेच पत्रात पुन्हा वाचून कोणाला काय मिळणार? निबंधावर लाल शाईच्या खुणा पाहून जी नाराज झाली, मग तासानंतर थांबून ‘माझा मुद्दा नेमका कुठे घसरला?’ म्हणून वाद घालत बसली, तिच्यावर मी पानभर लिहू शकते. पैकीच्या पैकी मिळवून वर्षभर गप्प बसलेल्या मुलाबद्दल तिसऱ्या ओळीला माझं पेन अडतं.

कॉमन ॲप म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना एकत्र अर्ज करायची ऑनलाइन सोय. तिच्या शिक्षकांसाठीच्या फॉर्ममध्ये मुलीला किती काळ आणि कशा संदर्भात ओळखता, तिच्याबद्दल कोणते शब्द आधी सुचतात, असं विचारतात. वर एक तक्ता असतो. त्यातला सगळ्यात वरचा रकाना म्हणजे ‘माझ्या कारकिर्दीतल्या अगदी मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक’. जेमतेम ओळखणारे सर तिथे खूण करतील का?

तरी गणित-विज्ञानाकडे पाठ फिरवू नका. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं लागतं, दुसरं भाषा, इतिहास अशा विषयाच्या शिक्षकाचं. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राचं कोणी तिला जवळून ओळखतं का, ते पाहा. शक्यतो अकरावीला शिकवलेलं माणूस बरं, आठवणी ताज्या असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र पदवीच्या अर्जासोबत सहसा पत्रं मागतच नाही. तेव्हा प्रत्येक कॉलेजची अट आधी वाचा.

‘पत्र द्याल का?’ एवढंच विचारू नये. ‘माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का?’ असं विचारावं. समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसरं दार. बऱ्याच कॉलेजांची लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबर असते, म्हणून निदान दीड-दोन महिने आधी विचारा. सोबत त्याच शिक्षकांच्या वर्गातले दोन-तीन प्रसंग लिहून द्या. प्रमाणपत्रांची चळत नको, ती कोणी वाचत नाही. (मी तरी नाही.)

कुणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. तो खोटेपणा आहे, आणि मुलीच्या निबंधाची भाषा पत्रातही उतरली की वाचणाऱ्याला ते कळतं. अर्जात ‘पत्र वाचण्याचा हक्क सोडते’ असा पर्याय दिसेल, तो निवडावा. १९७४च्या अमेरिकी कायद्यानं प्रवेशानंतर पत्र पाहण्याचा हक्क मिळतो. तो सोडला की लिहिणारा मोकळेपणानं लिहितो आणि कॉलेजही त्या पत्रावर जास्त विश्वास ठेवतं.

आणि विचारायला मुलीनंच जायचं. तुमचा फोन आला, तर बाई पत्र देतील, पण मुलगी स्वतः का आली नाही हे त्यांच्या मनात राहील.