होडीच्या दोन सिलिंडर डिझेल इंजिनाचा क्रँक (पिस्टन जोडलेला फिरता दांडा) १८० अंशांचा की ३६०चा? आणि इंजिन थरथरतं का?

डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन) असेल तर दोन्ही इंजेक्टर काढा, भोकांत बारीक सळ्या सोडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. सळ्या एकदमच वर आल्या तर ३६०, एक वर एक खाली तर १८०. १८०चा ठोका मुळातच लंगडा पडतो, तो बिघाड नव्हे.

आता थरथर. आधी न्यूट्रलमध्ये बघा. तिथे शांत आणि गिअर टाकताच हादरत असेल तर क्रँकला हात लावू नका! मिरकरवाडा असो की मालवण, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेला जाळ्याचा दोर किंवा चिकटलेली कालवं आधी काढा. मग कपलिंग, म्हणजे गिअरबॉक्स आणि पंख्याचा दांडा जोडणाऱ्या दोन चकत्या (फ्लँज): होडी पाण्यात असतानाच बोल्ट सैल करून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत सगळीकडे फिरवा, १०० मिमी फ्लँजला फटीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

न्यूट्रलमध्येही हादरत असेल तर साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करा, बोटं दूर ठेवून. ज्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरांना एकाच अतिउच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारं इंजिन) हे कधीच करू नका.