१९५०च्या दशकात अमेरिकेत रॉक अँड रोलला एवढा विरोध का झाला? त्या गाण्यांनी तरुण पिढी खरोखरच बिघडली होती का?

आपल्या मुलीला नववीत या विषयावर सादरीकरण करायचे आहे आणि घरातील वडीलधारी मंडळी "त्या गाण्यांमुळे तिकडे दंगली झाल्या" असे म्हणतात, असे आपण प्रश्नाखाली लिहिले आहे. हेच वाक्य मी १९७८ साली, मीही नववीत असताना, माझ्या चुलत्यांच्या तोंडून ऐकले होते. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज देतो.

तरुण पिढी बिघडली नाही. विरोध गाण्यांना होता त्याहून कितीतरी अधिक, ती गाणी ऐकण्यासाठी कोण कोणाच्या शेजारी उभे राहिले, याला होता. माझे हे मत ठाम आहे आणि ते पुस्तकांतून बनण्याआधी शाळेच्या स्नेहसंमेलनात बनले.

आमची शाळा दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी होती. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या मावसभावाने बिल हेली या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाच्या 'रॉक अराउंड द क्लॉक'ची तबकडी आणली होती. माझ्याकडे माउथ ऑर्गन होता. माझ्या वर्गातील एक मित्र शाळेच्या कवायत पथकात साइड ड्रम वाजवत असे. त्याचे वडील आणि आजोबा वरातीत वाजवणाऱ्या बँडमध्ये होते आणि ते राहत त्या वस्तीत आमच्या आळीतील मुलांनी जायचे नाही, हे कोणी न सांगताही सर्वांना ठाऊक होते. मी जात असे. तो मात्र आमच्या घरी आला की पडवीतच बसे. म्हणून त्या दिवशी मी ग्रामोफोन खिडकीत आणून ठेवला आणि त्याने पडवीत बसून तबकडी ऐकली. ऐकता ऐकता त्याने गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, दोनतीनदा चुकला, मग थांबला आणि म्हणाला, "जोर पहिल्यावर नाही रे. दुसऱ्यावर आणि चौथ्यावर आहे. आपल्या कवायतीच्या अगदी उलट." चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरील या जोराला बॅकबीट म्हणतात. बॅकबीट म्हणजे काय, हे त्यानंतर मी अनेक पुस्तकांत वाचले, त्या मुलाने दोन मिनिटांत ते जितके नेमके पकडले, तितके नेमके मला कुठेही सापडले नाही.

स्नेहसंमेलनात आम्ही दोघांनी ते गाणे वाजवले. त्याने वडिलांकडून झांजेची एक थाळी मागून आणली होती आणि ती सुतळीने खुर्चीच्या पाठीला टांगली होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या रांगांतील मुले उभी राहून टाळ्यांनी ठेका देऊ लागली, काही जण बाके सोडून मंचासमोर नाचू लागले आणि मुलींच्या बाजूच्या तिघीचौघीही उठून उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांनी हात वर केला आणि पडदा पडला. पडद्याच्या दोरीत अडकून थाळी खाली पडली. तिचा आवाज विरेपर्यंत मांडवात कोणी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात मला नुसती ताकीद मिळाली, कारण माझे चुलते शाळेच्या संचालक मंडळावर होते. माझ्या मित्राला मात्र पथकातून काढून टाकण्यात आले आणि प्रगतिपुस्तकात वर्तणुकीबद्दल लाल शाईने शेरा आला. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तो आला नाही. तो वडिलांच्या बँडमध्ये वाजवू लागला होता.

मी चुलत्यांना विचारले की गाणे दोघांचे होते, मग शिक्षा एकालाच का. ते म्हणाले की असल्या गाण्यांनी अमेरिकेत दंगली झाल्या, थिएटरे फोडली गेली, तिथल्या शहाण्या लोकांनीच त्यांवर बंदी घातली. पुढे वाचण्याची सोय आणि ऐपत आली तेव्हा मी त्या दंगली एकेक करून तपासल्या.

पहिली क्लीव्हलंडची. ॲलन फ्रीड हा गोरा निवेदक १९५१पासून तेथील नभोवाणीवर रात्री कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या लावत असे. पुढे याच संगीतासाठी 'रॉक अँड रोल' हे नाव त्याने सर्वतोमुखी केले. २१ मार्च १९५२ रोजी त्याने क्लीव्हलंड अरीनात नृत्याचा कार्यक्रम ठेवला. सभागृह सुमारे दहा हजारांचे होते, तर दारात वीस हजारांच्या आसपास माणसे आली, कारण तिकिटे क्षमतेच्या कितीतरी पलीकडे गेली होती. दारे मोडली आणि कार्यक्रम सुरू होताच पोलिसांनी तो बंद केला. गाणी अजून धड वाजलीही नव्हती, तेव्हा त्यांनी कोणाला भडकवण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे यात्रेत चेंगराचेंगरी झाली तर आपण तिकीटविक्री आणि बंदोबस्त यांची चौकशी मागतो, आरतीच्या चालीची नाही.

दुसरी इंग्लंडची. १९५६च्या सप्टेंबरात हेली यांच्या त्याच गाण्याच्या नावाचा चित्रपट तेथे लागला. काही चित्रपटगृहांत पोरे खुर्च्यांच्या रांगांमधील वाटेत नाचली, खुर्च्यांची गादी फाडली, बाहेर रस्त्यावर धिंगाणा घातला, आणि अनेक नगरपालिकांनी चित्रपटावर बंदी घातली. हे खरे घडले आणि त्यातील मोडतोड चुकीचीच होती. मात्र वाटेत नाचणे हाही तेव्हा गुन्हाच मानला गेला.

तिसरी बॉस्टनची, ३ मे १९५८ची. फ्रीडच्याच कार्यक्रमात मुले नाचू लागली म्हणून पोलिसांनी सभागृहातील दिवे लावायला लावले, फ्रीड मंचावरून पोलिसांविरुद्ध बोलला आणि कार्यक्रमानंतर आसपासच्या रस्त्यांवर मारहाणीचे प्रकार झाल्याचे सांगितले गेले. फ्रीडवर दंगल भडकवल्याचा आरोप ठेवण्यात आला. तो पुढे बारगळला, पण तोपर्यंत न्यूयॉर्कमधील त्याची नोकरी गेली होती.

आता या सगळ्याच्या मागे काय चालू होते ते पाहावे. मे १९५४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी जुलैत मेम्फिसमध्ये एल्विस प्रेस्ली या गोऱ्या मुलाने आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि वर्षअखेरीस खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. दिवाणखान्यातील रेडिओ वडिलांच्या ताब्यात असे. हा रेडिओ उशीखाली ठेवता येत होता. दक्षिणेकडील राज्यांत कार्यक्रमांच्या सभागृहात मधोमध दोरी बांधून एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला काळे प्रेक्षक बसवत. गाणे रंगात आले की ती दोरी सुटत असे. विरोधकांना खुपत होते ते हे, आणि त्यांच्यातील प्रामाणिक लोकांनी ते लपवलेही नाही. अलाबामातील एसा कार्टर या वर्णद्वेष्ट्या नेत्याने रॉक अँड रोलविरुद्ध उघड मोहीम उघडली होती. एप्रिल १९५६मध्ये त्याच्या संघटनेशी संबंधित गोऱ्यांनी बर्मिंगहॅम येथे भर कार्यक्रमात मंचावर चढून नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर हल्ला केला. कोल रॉक अँड रोल गातच नसत. त्यांची गाणी संथ आणि हळुवार, आणि त्या वेळचा त्यांचा श्रोतृवृंद गोरा होता. ठेक्याचा प्रश्न असता तर हल्लेखोर या माणसापर्यंत कशाला पोहोचले असते?

आपल्या मुलीने आणखी एक प्रसंग सादरीकरणात जरूर घ्यावा. १९५७मध्ये फ्रीडला दूरचित्रवाणीवर कार्यक्रम मिळाला. त्यात फ्रँकी लायमन हा किशोरवयीन कृष्णवर्णीय गायक एका गोऱ्या मुलीबरोबर काही क्षण नाचला. दक्षिणेकडील केंद्रांनी गदारोळ केला आणि कार्यक्रम काही भागांतच बंद पडला. दोन मुले नाचली, एवढेच घडले होते.

गाताना प्रेस्ली कंबर हलवत असे, त्यावरून झालेला वाद बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर मी फार लिहीत नाही. जून १९५६मधील दूरचित्रवाणीवरील त्याच्या अंगविक्षेपांवर वृत्तपत्रे तुटून पडली, जानेवारी १९५७मध्ये एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात त्याला कंबरेच्या वरच दाखवले गेले. ज्या गाण्याने हा गहजब झाला ते 'हाउंड डॉग' मूळचे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२मध्ये ध्वनिमुद्रित केले होते आणि त्याची मोठी कमाई तिच्या हाती कधीच लागली नाही. प्रसिद्ध गायक फ्रँक सिनात्रा यांनी १९५७मध्ये या संगीताची अत्यंत कठोर शब्दांत निंदा केली आणि १९६०मध्ये स्वतःच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याच प्रेस्लीचे स्वागत केले. गिटारवादक लिंक रे यांचे १९५८मधील 'रंबल' हे निव्वळ वाद्यसंगीत टोळीयुद्धाला चिथावणी देते म्हणून काही नभोवाणी केंद्रांनी वाजवणे बंद केले. त्यात एकही शब्द नाही.

पैशाची बाजूही होती. गीतकार-संगीतकारांच्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थेचे आणि नभोवाणी कंपन्यांनी उभारलेल्या नव्या संस्थेचे मानधनावरून वैर होते, आणि रॉक अँड रोल बहुतांशी नव्या संस्थेकडे होते. जुन्या संस्थेतील गीतकारांनी १९५३मध्ये दावा लावला आणि पुढे अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे साक्षी देताना अभिरुचीचा मुद्दा पुढे केला. १९६०च्या सुमारास तबकड्या वाजवण्यासाठी निवेदकांनी घेतलेल्या लाचेची चौकशी झाली. फ्रीडने १९६२मध्ये गुन्हा कबूल केला, त्याला ३०० डॉलर दंड झाला, आणि १९६५मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी तो वारला.

येथे काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. फ्रीड काही संत नव्हता. चक बेरी या कृष्णवर्णीय गायकाच्या 'मेबलिन' या पहिल्याच गाण्यावर त्याने सहगीतकार म्हणून स्वतःचे नाव लागू दिले होते. रॉक अँड रोल गायक जेरी ली लुईसचा १९५८मधील इंग्लंड दौरा त्याची पत्नी अवघी तेरा वर्षांची आहे हे कळल्यावर गुंडाळावा लागला, आणि त्या संतापाला मी योग्यच म्हणेन. विरोध करणारे सगळे वर्णद्वेष्टे होते असेही नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनीच १९५८मध्ये एका मासिकातील सल्ल्याच्या सदरात रॉक अँड रोल आणि चर्चमधील भक्तिसंगीत एकत्र नांदू शकत नाहीत, असे एका तरुण वादकाला बजावले होते. आणि अभिरुचीच्या नावाने लोकांचे संगीत बंद करणे ही केवळ अमेरिकेची खोड नाही. आपले पुण्याचे बाळकृष्ण केसकर १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा खरी होती, हे मी मान्य करतो. माझ्या चुलत्यांना ते फार मोठे वाटत.

चुलते आज नव्वदीत आहेत. गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने गावी गेलो असताना मी त्यांना या तिन्ही दंगलींचा हिशेब, सनावळ्यांसह, शांतपणे सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तू क्लीव्हलंडचं सांगतोयस. मी तेव्हा आपल्या गावाचं बोलत होतो. मुली उभ्या राहिल्या होत्या, आणि वाजवत कोण होता, ते तूच आठव." चाळीसहून अधिक वर्षांनी प्रथमच त्यांनी अमेरिकेचा आडोसा सोडला आणि मला हवे असलेले उत्तर मिळाले. आपल्या घरातील मंडळींनाही मुलीने दंगलींविषयी हाच प्रश्न नम्रपणे विचारावा: नक्की कोणत्या गावचे बोलता आहात?

सादरीकरणात तिने गाणे ऐकवायचे ठरवले तर थॉर्नटन यांचे 'हाउंड डॉग' आधी ऐकवावे आणि प्रेस्लीचे नंतर, आणि वर्गाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला सांगावे. त्या लग्नाच्या वरातीत माझ्या मित्राचाच बँड होता. पहाटे सामान आवरताना मी त्याला विचारले, तो ठेका आठवतो का. त्याने गळ्यातील ड्रम न उतरवताच तो वाजवून दाखवला. या वेळी तो एकदाही चुकला नाही.