जुन्या नकाशात घरं-रस्त्यांपलीकडे काय दिसतं?

जुन्या टोपोग्राफिक नकाशांतून एखाद्या ग्रामीण काउंटीबद्दल (म्हणजे जिल्ह्याबद्दल) घरं आणि रस्ते सोडून काय कळणार, असं तुम्ही विचारलंय. मी आयर्लंडमध्ये राहतो आणि मेयो काउंटीचे नकाशे चाळत बसणं हे माझं व्यसन आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

1824 ते 1846 या काळात ऑर्डनन्स सर्व्हेने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मोजणी खात्याने, अख्ख्या आयर्लंडची मोजणी केली आणि मैलाला सहा इंच या प्रमाणात नकाशे काढले. कारण सरळ होतं, कर. टाउनलँड म्हणजे आपला मौजा समजा. त्याच्या हद्दी पक्क्या झाल्याशिवाय आकारणी होईना.

मेयोची मोजणी 1838 च्या आसपासची, म्हणजे 1845 पासून बटाट्याचं पीक सडून पडलेल्या मोठ्या दुष्काळाआधीची. त्या नकाशावर जागोजागी घरांचे दाट पुंजके दिसतात. दुकान नाही, चर्च नाही, नुसती घरं. भोवतालच्या जमिनीत बांध फार थोडे, कारण शेती सामायिक: चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून प्रत्येकाचे तुकडे विखुरलेले असत. आता शतकाअखेरचा, मैलाला पंचवीस इंचांचा नकाशा त्यावर ठेवा. बरेच पुंजके गायब, आणि त्यांच्या जागी डोंगरापासून खाली उतरणाऱ्या लांब सरळ पट्ट्या, प्रत्येकीवर एक सुटं घर. मेयोची लोकसंख्या 1841 मध्ये 3,88,887 होती, 1851 मध्ये 2,74,499.

पण सगळं दुष्काळाच्या माथी मारू नका, ही चूक मीही केली होती. त्या पट्ट्यांपैकी कित्येक आधी जमीनदारांनी आणि 1891 नंतर कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने, म्हणजे दाटीच्या गरीब भागांसाठीच्या सरकारी मंडळाने, आखलेल्या आहेत. वस्ती उठली का नुसती जमिनीची वाटणी बदलली, हे नुसत्या नकाशावरून ठरत नाही. जनगणनेचे आकडे शेजारी ठेवावे लागतात.

आणि नकाशा काही गोष्टी गाळतोच. अ‍ॅचिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर ओसाड गावाच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. तिथे संध्याकाळी जा. ऊन तिरपं झालं की गवताखालून बटाट्याचे जुने वाफे रांगेने वर येतात. मोजणीदारांना त्यांची गरज नव्हती. नकाशावर वाफ्यांच्या जागी कोरी जागा आहे.