काडी बदल, ड्रम नको

लेका, लातूरच्या पत्र्याच्या मंगल कार्यालयात तू ५ए, म्हणजे नेहमीच्या मध्यम जाडीच्या काड्यांनी ड्रम वाजवलास, अन् गाणाऱ्याचा आवाज कुठं गेला ते कळलंच नाही. चूक हाताची नाही. तिथं रॉड घ्यायचे. बारीक लाकडी काड्यांची जुडी असते ती, काडीपेक्षा हळू अन् तारांच्या ब्रशपेक्षा ठसठशीत वाजते. मी सुरुवातीला बांबूच्या काड्या चिकटपट्टीनं बांधून काम चालवलं होतं. रिमवर, म्हणजे ड्रमच्या काठाच्या कड्यावर, मात्र रॉड जोरात मारू नको, टोकं लगेच फुटतात.

ब्रश शिकायला वेळ लागतो, पण शिकच. स्नेअरवर, म्हणजे करकरीत आवाजाच्या ड्रमवर, कोटेड, म्हणजे खरखरीत कातडं हवं. गुळगुळीत पारदर्शक कातड्यावर तारा घासल्या तरी 'सर्र' आवाज येत नाही. डावा हात गोल फिरत राहतो, उजवा वर ठेका टाकतो. पहिले काही दिवस तर फक्त डावाच फिरव. वाजवून झालं की तारा आत ओढून ठेव, पिशवीत वाकल्या की गेल्या.

सिंबलची, म्हणजे धातूच्या थाळीची, लाट उठवायची तर फेल्टचे मॅलेट, म्हणजे टोकाला मऊ गोळा असलेल्या काड्या. कडेजवळ, समोरासमोरच्या दोन बाजूंना, अगदी हळू सुरू कर. मॅलेट नसतील तर काडीच्या टोकाला जुना मोजा गुंडाळ, टॉमवर, म्हणजे सेटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवर, तर आवाज झकास घुमतो.

आणि तुळजापूरला गेलास की गोंधळ्याचं संबळ जवळून बघ. एका काडीचं टोक वळवलेलं असतं. वेगळ्या आवाजाला वेगळी काडी, हे आपल्याकडं आधीपासूनच आहे.

महागडा ड्रमसेट एवढ्यात नको. आधी रॉडची एक जोडी आण.