मुलाचं वजन ठीक, पण पोट सुटलंय. नुसत्या टेपने धोका कळतो का?

अंदाज नक्की येतो. वजनकाटा वजन सांगतो, चरबी कुठे साठलीय ते नाही. आणि पुढे रक्तदाब, साखर, हृदय यांना त्रास देते ती मुख्यतः पोटातली चरबी.

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर धरा. पोराने सहज श्वास सोडला की आकडा वाचा. टेप लागली की मुलं पोट आत ओढतात, म्हणून दोनदा मोजा. पँटचं माप धरू नका. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा: उंची १४० सेंमी, तर घेर ७० च्या आत. साधारण सहा वर्षांपुढे हा हिशोब चालतो.

जास्त भरला तरी ते निदान नव्हे. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मानेवर काळपट, जाडसर कातडी दिसली तर मात्र लगेच जा. बरेच आईबाप मळ समजून ती घासत बसतात. बहुतेकदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. पोराला उपाशी ठेवू नका हो, वाढीचं वय आहे. रोज संध्याकाळी रंकाळा तलावावर तासभर पळू दे.