सोमवारी लगेच हो म्हणू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेल दोनदा वाचला. मॅनेजर होशील का असं विचारलंय आणि सोमवारी उत्तर द्यायचंय. घरून, नातेवाइकांकडून "अजून कोडिंगच करतोस?" हेही सुरू असणार. हिंजवडीत ६-७ वर्षं काढलेल्या प्रत्येकाने ते ऐकलंय.

मी लीड झालो त्या वर्षीचं सांगतो. टीममधल्या एका मुलीची एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणारा कोड) ४ मिनिटं खात होती आणि रिलीज दुसऱ्या दिवशी. ती घरी गेल्यावर मी क्वेरी नव्याने लिहिली, एक इंडेक्स टाकला, काम ८ सेकंदांवर आणलं. खूप खूश होतो. सकाळी तिने बदल पाहिले, काही बोलली नाही. पण तेव्हापासून जरा अवघड काम आलं की हात लावायच्या आधीच विचारायची, "सर, हे तुम्हीच बघताय ना?" तिच्या हातातलं शिकणं मी काढून घेतलं होतं, आणि हे कळायला मला सहा महिने लागले. अजून खुपतं.

म्हणून पगार आणि पद बाजूला ठेवून एवढंच बघ: तुला दोन तासांत जमणारं काम दुसरा दोन दिवस करत असताना तुला गप्प बसवतं का? आणि त्याला ते जमलं की मनापासून आनंद होतो का?

होत नसेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. १९७६ मध्ये ॲपल सुरू होताना तिचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक एचपीची नोकरी सोडायला तयार नव्हता. इंजिनिअरच राहता येईल हे एका मित्राने पटवलं, तेव्हा कुठे तो गेला. आयबीएमने तर १९६२ मध्येच मोठ्या तंत्रज्ञांसाठी 'फेलो' हे पद काढलं. तुझ्या कंपनीत मॅनेजर न होता वर जायचा, आर्किटेक्टचा रस्ता आहे म्हणतात ना? मग त्या रस्त्याने वर गेलेली दोन माणसं दाखवा म्हणावं. एचआरच्या तक्त्यावर विसंबू नकोस.

सोमवारी तीन महिने मागून घे. दोन फ्रेशर घे. कोड त्यांनी लिहायचा, तू फक्त तपासायचा. कीबोर्ड ओढून घ्यायचा नाही. त्यात एकदा तरी त्यांची चूक क्लायंटसमोर तुला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागेल. त्या रात्री मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.